टिटवीचे ओले पोट

फेब्रुवारीच्या २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो आणि शाळाशाळांमधून चित्रस्पर्धा भरतात. अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग आमच्यावर अधूनमधून येत असतो. बुलडाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही असेच गेलो होतो. विषय होता 'हवामानबदल आणि वन्यजीव'. व्हरांड्यात दोरी बांधून चिमट्यांनी चित्रे टांगली होती. बहुतेक चित्रांत बर्फाच्या तुकड्यावर उभे असलेले पांढरे अस्वल होते. काहींत तोंडात थर्मामीटर धरलेली, घामाने डबडबलेली पृथ्वी होती. एका चित्रात तर पांढरे अस्वल आणि पेंग्विन शेजारी शेजारी उभे राहून रडत होते. (एक उत्तर ध्रुवाकडचे, दुसरा दक्षिण गोलार्धातला. त्यांची भेट फक्त चित्रस्पर्धेतच होते.)

कोपऱ्यात एक लहानसे चित्र होते. गहू काढून नेल्यानंतरचे वावर, काळी माती, तीत धसकटे. मातीवर चार ठिपकेदार अंडी आणि त्यांच्यावर पाय ताठ करून उभी असलेली टिटवी. तिच्या पोटाशी निळ्या रंगाचे थेंब काढलेले. चित्र बरे होते, पण ते विषयाला धरून नाही असे आम्ही परीक्षकांनी आपसांत ठरवले आणि पुढे सरकलो. पहिले बक्षीस पांढऱ्या अस्वलाला गेले.

बक्षिसे वाटून झाल्यावर आम्ही त्या मुलाला सहज विचारले, "हे थेंब कशाचे रे? पावसाचे का?" तो म्हणाला, "नाही सर. थे नाल्यात बसून पोट ओलं करून येते. मंग अंड्यावर उभी रायते. लय ऊन रायते नं."

तो सांगत होता ते खरे आहे. टिटवीच्या या सवयीची नोंद पक्षितज्ज्ञांनी केलेली आहे. मुलाने मात्र ती कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती, वावरात पाहिली होती. त्या दिवशी टांगलेल्या चित्रांपैकी विषयाला सर्वांत धरून असलेले चित्र तेच होते, आणि आम्हाला ते ओळखता आले नाही. हा लेख त्या चुकीतून निघाला आहे.

थेंबांमागचे विज्ञान

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून, भोवती चार खडे मांडून ती अंडी घालते. विणीचा काळ साधारण मार्च ते ऑगस्ट. अंडी बहुधा चार. पिल्ले बाहेर यायला सुमारे चार आठवडे लागतात. म्हणजे पुष्कळशा टिटव्यांची अंडी आपल्याकडच्या ऐन उन्हाळ्यात जमिनीवर असतात. अशा वेळी 'अंडी उबवणे' हा शब्दच फसवा ठरतो. पक्ष्याच्या अंड्यातील गर्भ साधारण ३६ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानाला नीट वाढतो. तापमान ४० च्या पुढे जाऊन बराच वेळ तेथेच राहिले तर तो दगावू लागतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ५० अंशांच्या वर सहज जातो. टिटवीला तेव्हा अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात.

ती हे दोन प्रकारे करते. उन्हाच्या बाजूने उभी राहून अंड्यांवर सावली धरते. आणि जवळ पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून परत येते. ओल्या पिसांतील पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि अंडी गार होतात. माठातले पाणी गार होते तेच हे तत्त्व. आठवीच्या वर्गात बाष्पीभवन शिकवताना माठाच्या जोडीला टिटवी घेतली, तर तास लक्षात राहील असे आम्हाला वाटते.

आता यात हवामानबदल कोठे आला? केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. ०.७ हा आकडा वर्गात सांगितला की मुले हसतात. सकाळ-दुपारच्या तापमानात १५ अंशांचा फरक असतो, तेथे ०.७ चे काय! त्यांना परीक्षेतले गुण आठवून द्यावेत. समजा, वर्गातल्या प्रत्येकाला दोन गुण वाढवून दिले. सरासरी दोननेच वाढेल. पण ज्यांचे ५८ किंवा ५९ होते ते सारे एकदम प्रथम श्रेणीत जातील, आणि प्रथम श्रेणीवाल्यांची संख्या पाहता पाहता बरीच फुगेल. तापमानाचेही असेच आहे. सरासरी थोडी सरकली की टोकाच्या दिवसांची संख्या पुष्कळ वाढते. टिटवीच्या अंड्यांना सरासरीशी कर्तव्य नसते, त्यांना त्या टोकाच्या दुपारशी गाठ असते. नाला एप्रिलमध्येच आटला, तर पोट भिजवायला तिला लांब जावे लागते आणि तेवढा वेळ अंडी उघडी पडतात.

पावसाचीही तीच गोष्ट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात फार मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी अतिवृष्टी होण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. जळगाव जामोद आणि शेजारचा संग्रामपूर या तालुक्यांतील लोकांना २०२३ चा जुलै आठवत असेल. एका रात्रीत सातपुड्यावरून आलेल्या पाण्याने वावरांतली माती खरवडून नेली होती. त्या एका रात्रीचा दोष सरळ हवामानबदलावर टाकता येत नाही; अशा रात्री पूर्वीपेक्षा अधिक वेळा येतील, एवढे मात्र विज्ञान सांगते. त्या रात्री माणसांच्या घरांचे पंचनामे झाले. बांधावरची लाव्ह्यांची, तितरांची आणि उशिरा वीण करणाऱ्या टिटव्यांची अंडी कोणी मोजली नाहीत, आणि ते स्वाभाविकही आहे.

पांढऱ्या अस्वलाचे चित्र खोटे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. समुद्रावरचा बर्फ कमी होतो आहे आणि सील पकडायला त्या अस्वलाला बर्फ लागतो. अडचण वेगळी आहे. ते चित्र पाहून काढलेले नसते, चित्रावरून काढलेले असते. ते काढताना मुलगा काहीही नवे बघत नाही, आणि शेवटी त्याच्या मनात एवढेच राहते की हे संकट फार दूर, बर्फाच्या देशात आहे. घाटाखालच्या या तालुक्यात उत्तरेला सातपुडा आहे. शेजारी संग्रामपूर तालुक्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेले अंबाबरवा अभयारण्य आहे. तेथे अस्वल आहे, काळे, आपले. उन्हाळ्यात ते मोहाच्या फुलांसाठी आणि पाण्यासाठी हिंडते. त्याचे एकही चित्र त्या दोरीवर नव्हते.

यामागे आणखी एक कारण असावे. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला वन्यजीव म्हणजे रात्रीतून हरभरा फस्त करणारे रोही आणि रानडुक्कर. त्यांच्याविषयी 'वाचवा' असे चित्र काढायला त्याचा हात धजत नाही. पांढऱ्या अस्वलाने कोणाचा हरभरा खाल्लेला नसतो. शिक्षकांनी मुलाची ही अडचण समजून घ्यावी आणि त्याला रोही काढू द्यावा, हरभऱ्यासकट. पहाडातले पाणवठे आटल्यावर जनावरे खाली येतात का, कोणत्या महिन्यात येतात, हा प्रश्न त्या चित्रातून आपोआप निघतो.

दुसऱ्या जळगावचे अंडे

चित्राने जागृती करायची तर ते आधी नोंद असले पाहिजे, हे आमचे म्हणणे. चित्र म्हणजे नोंद, ही कल्पना आपल्या मुलखात फार जुनी आहे.

जळगाव जामोदला 'जामोद' हे शेपूट का लागले, हे तेथील मुलांना बहुधा ठाऊक असते. खानदेशातल्या जळगावशी घोटाळा होऊ नये म्हणून जवळच्या जामोद गावाचे नाव त्याला जोडले गेले. त्या दुसऱ्या जळगावच्या जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. तेथे पुरातत्त्वज्ञ शं. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्यावर दोन समांतर रेघांच्या मध्ये आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली होती. त्याचे वय सुमारे २५,००० वर्षे आहे. महाराष्ट्रातील ही सर्वांत जुन्या कलावस्तूंपैकी एक.

शहामृग, आणि चाळीसगावात! मुलांचा यावर विश्वास बसत नाही. पण भारतात अनेक ठिकाणी शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली आहेत, आणि २०१७ साली हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी अशा जुन्या कवचांतील डीएनए तपासून ती आफ्रिकेतल्या शहामृगाच्या जवळच्या नातेवाइकाची असल्याचे दाखवले. त्या हिमयुगाच्या काळात आपल्याकडचा मोसमी पाऊस आजच्यापेक्षा दुबळा होता, हवा कोरडी होती, उघडी गवताळ राने अधिक होती. पुढे हवामान पालटले, माणसेही वाढली, आणि शहामृग भारतातून नाहीसे झाले. यात हवामानाचा वाटा किती आणि शिकारीचा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पाटण्याच्या त्या अनामिक कारागिराला आपण हवामानबदलाचा पुरावा मागे ठेवतो आहोत याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने हाताशी होते त्यावर कोरले, एवढेच.

येथे विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. भारतात इतरत्र मिळालेल्या अशा काही कवचांवरही रेघा दिसतात आणि त्यांनाही कोरीवकाम मानले गेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर त्यांतील बहुतेक रेघा माणसाने कोरलेल्या नसून झाडांच्या मुळांनी खाल्लेल्या आहेत, असे मत प्राचीन कलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी मांडले. पाटण्याचा तुकडा मात्र या कसोटीलाही उतरला. कलेच्या प्रांतातही पुरावा तपासावा लागतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

सातपुड्याच्याच गाविलगड रांगेत, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर, अमरावतीच्या निसर्गप्रेमींच्या एका गटाला २००७ साली रंगवलेल्या प्राचीन गुहा आढळल्या. त्यांतही जनावरांची चित्रे आहेत. म्हणजे पाहिलेले जनावर भिंतीवर उतरवण्याची रीत या डोंगराला नवी नाही.

चिठ्ठीचा घोटाळा

नोंद खरी हवी, आणि खरेपणात 'कोठे' व 'केव्हा' हे दोन शब्द येतात. ते चुकले तर काय होते, हे सातपुड्यातल्याच रानपिंगळ्याने दाखवून दिले आहे.

रानपिंगळा हे एक लहान घुबड. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन केले. १८८० च्या दशकात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र तो कोणालाच खात्रीने दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याच्या पेंढा भरलेल्या जेमतेम सात प्रती होत्या. त्यांतल्या एकीवर रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांची चिठ्ठी होती: गुजरातेत तापीकाठी मांडवी, १९१४. नंतर शोध घेणाऱ्यांना ही चिठ्ठी चुकीची दिशा दाखवीत राहिली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ती प्रत बारकाईने तपासली, तेव्हा उघड झाले की ती डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक होती. ती पळवून, पुन्हा नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, शेपटीवर रुंद पट्टे, पोट स्वच्छ पांढरे, अशा संग्रहालयात पाहिलेल्या खुणा त्यांना पाठ होत्या. १९९७ च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी तो त्यांना दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती! पुढे मेळघाटातही तो चांगल्या संख्येने आढळला. तोंडात थर्मामीटर धरलेल्या पृथ्वीपेक्षा शेपटीवरचे पट्टे मोजून काढलेले घुबड आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते यामुळेच.

रानपिंगळ्याच्या निमित्ताने एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. त्याच्यावरचे मुख्य संकट जंगलतोड हे आहे. आपल्याकडची गिधाडे गेली ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे. २००४ साली हे कारण सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. म्हणजे दिसेनासा झालेला प्रत्येक प्राणी हवामानबदलाच्या खाती मांडता येत नाही. मुलांनी चित्राखाली काय पाहिले ते लिहावे. कारण लिहायचेच असेल तर 'असे असेल का?' म्हणून प्रश्नचिन्हासह लिहावे.

वर्तुळाची मांडणी

आता वर्गात काय करता येईल याकडे वळू. यासाठी आम्ही नमुना घेतो तोही जळगाव जामोद तालुक्यातलाच आहे.

भेंडवळची घटमांडणी साऱ्या वऱ्हाडाला आणि खानदेशाला ठाऊक आहे. अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आखाजीच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या वावरात एक खड्डा करतात. त्यात मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेले मडके, त्यावर पापड, वडा, कुरडई असे पदार्थ. भोवती वर्तुळात अठरा प्रकारची धान्ये. चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे धान्य कसे हलले, ढेकळे किती भिजली यावरून पाऊसपाण्याचे आणि पिकांचे अंदाज सांगितले जातात. परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची असल्याचे सांगतात, आणि ते ऐकायला दुरून शेतकरी येतात.

या अंदाजांना शास्त्रीय आधार नाही, हे आम्ही स्पष्टच म्हणू. रात्रीतून दाणे हलतात ते वाऱ्याने, मुंग्यांनी, उंदरांनी; मडके पाझरते ते त्याच्या भाजणीप्रमाणे. जुलैत विदर्भावर ढग येतील की नाही, हे प्रशांत महासागराचे तापमान, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे अशा गोष्टींवर अवलंबून असते आणि त्यांची खबर भेंडवळच्या दाण्यांना लागत नाही. परंतु ती मांडणी ज्याने बसवली त्याची नजर आम्हाला दाद देण्याजोगी वाटते. चार महिन्यांना चार ढेकळे, अठरा पिकांना अठरा ढिगुल्या, सारे एका वर्तुळात, आणि अक्षर न येणाऱ्यालाही वाचता येईल असे! वर्षाचे इतके नेटके चित्र पाठ्यपुस्तकातही सहसा सापडत नाही.

तर शाळेनेही आखाजीला एक मांडणी करावी. भेंडवळची मांडणी पुढच्या वर्षाकडे पाहते, आपली मागच्या वर्षाकडे पाहील. पटांगणात मोठे वर्तुळ काढून त्याचे बारा भाग करावेत. आतल्या कड्यात प्रत्येक महिन्यात किती दिवस पाऊस पडला तेवढे निळ्या रांगोळीचे ठिपके. त्याच्या बाहेर, पारा ४२ च्या वर गेला असे जितके दिवस, तेवढे तांबडे ठिपके. सर्वांत बाहेरच्या कड्यात मुलांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टींची लहान लहान चित्रे: पळसाला पहिले फूल कधी, मोहाची फुले कधी पडू लागली, टिटवीची अंडी प्रथम कधी दिसली, बेडूक प्रथम कधी ओरडले, आफ्रिकेहून पावसाच्या तोंडावर येणारा चातक कधी ऐकू आला, नाला कोणत्या आठवड्यात आटला, अस्वल किंवा रोही गावाजवळ कधी दिसले. चित्राशेजारी तारीख आणि ठिकाण. नंतर संपूर्ण वर्तुळ कागदावर उतरवून घ्यायचे, कारण रांगोळी दुसऱ्या दिवशी उडून जाते.

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, अशी समजूत आपल्याकडे आहे. ती मोडीत काढण्याची घाई करू नये. जागा उंच होती की सखल याची चित्रात खूण करावी, त्या वर्षीचा पाऊस आतल्या कड्यात येणारच आहे. दहाएक वर्षांनी मुलेच काय ते ठरवतील.

दहा वर्षे? होय. एका वर्तुळावरून काहीच कळत नाही, दोनांवरूनही नाही. हवामान म्हणजे निदान तीस वर्षांची सरासरी, असे हवामानशास्त्रज्ञ मानतात. येथे खरी अडचण विज्ञानाची नसून बदलीची आहे. उत्साही शिक्षक चार-पाच वर्षे नोंदी करून घेतात, बदलीचा आदेश येतो, आणि वह्या एक तर त्यांच्याबरोबर जातात किंवा रद्दीत. म्हणून वर्तुळांचे कागद शाळेच्या दप्तरात, हजेरीपटांच्या शेजारी ठेवावेत आणि कार्यभार देताना तेही सोपवावेत. दुसरी अडचण सुट्टीची. टिटवी अंडी घालते त्या एप्रिल-मेमध्ये शाळा बंद असते. ही नोंद सुट्टीच्या अभ्यासात टाकावी. शुद्धलेखनाच्या पानांपेक्षा मुलांना ते नक्कीच आवडेल.

गोधडीवरचे पट्टे

इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ साली एक अगदी सोपे चित्र तयार केले. प्रत्येक वर्षासाठी एक उभा पट्टा; सरासरीपेक्षा थंड वर्षाला निळा, उष्ण वर्षाला तांबडा; फरक जितका मोठा तितका रंग गडद. आकडे नाहीत, अक्षरे नाहीत. डावीकडची निळाई उजवीकडे येता येता लाल होत जाते. हे पट्टे लोकांनी मफलरींवर विणले, भिंतींवर रंगवले. याच धर्तीवर डर्बी विद्यापीठातील माइल्स रिचर्डसन यांनी २०२२ साली वन्यजीवांच्या संख्येतील घट दाखवणारे पट्टे केले. ते हिरव्यापासून सुरू होऊन करडे होत जातात.

आपल्याकडे पट्ट्यांना गोधडीइतकी योग्य जागा कोणती? जळगाव जामोदच्या शाळेने अकोल्याचे तापमान घ्यावे. (बुलडाणा शहर घाटावर, उंचावर असल्याने तेथील हवा घाटाखाली लागू पडत नाही.) मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान, मागच्या तीस-चाळीस वर्षांचे. त्याची सरासरी काढायची, प्रत्येक वर्षाचा फरक काढायचा. हे गणित आठवीच्या मुलांना येते. मग घरोघरच्या जुन्या लुगड्यांतून निळ्या-तांबड्या छटांच्या पट्ट्या निवडायच्या. शिवणकाम आयांना आणि आज्यांना सांगावे. त्या सुई चालवता चालवता 'ते अमुक साल, तेव्हा विहिरी आटल्या होत्या' असे बोलू लागतात, आणि ते लिहून घेण्यासारखे असते. पट्टे रेडिंगच्या चित्रासारखे छान लाल होत जातील अशी अपेक्षा धरू नये. एका ठिकाणच्या एका महिन्याचे तापमान खाली-वर फार होते, शिवाय केंद्राभोवती शहर वाढले की त्याचीही ऊब मिसळते. जसे येतील तसे शिवावेत. रंग ओढूनताणून बसवला, तर ती माइनर्ट्झहागेनची चिठ्ठी होईल.

हसवणारी चित्रेही विसरू नयेत. नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिक्षणाने दंतवैद्य. २०१० पासून ते 'ग्रीन ह्यूमर' या नावाने वन्यप्राण्यांवर आणि हवामानबदलावर व्यंगचित्रे काढत आले आहेत. त्यांचे प्राणी चेष्टा करतात, पण चोच, पंजा, पट्टे चुकत नाहीत. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे इला फाउंडेशनने २०१८ साली घुबडांसाठी महोत्सव भरवला. त्यात शाळकरी मुलांची घुबडांची चित्रे आणि हस्तकला होती. घुबड अशुभ मानणाऱ्या घरांतली मुले घुबड काढायला बसली, ही गोष्ट लहान नाही.

राहता राहिले ते टिटवीचे चित्र. ते शाळेत शिल्लक होते. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी ते काढून दिले, आणि मुलालाही बोलावून घेतले. चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख लिहावी असे आम्ही त्याला सुचवले. तारीख त्याला आठवेना. बराच विचार करून तो म्हणाला, गहू निघाल्यावर आणि आखाजीच्या अगोदर. मग तेवढेच लिहिले. खाली जागेचे नाव लिहिले: नाल्याकाठचे वावर, उत्तरेचा बांध. त्यानंतर त्याने स्वतःहून एक ओळ वाढवली: अंडी ४, पिल्लं ३.